थोरली की धाकटी

फुलाचा व्यास सात मिलिमीटर होता. पाकळ्या पाच, पिवळ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. फूल उलटं केलं की खाली हिरव्या पाकळ्या मात्र दहा दिसत होत्या: पाच रुंद, पाच अरुंद, एकाआड एक. अशी दुहेरी चौकट फार थोड्या फुलांना असते. गुलाबाच्या कुळातल्या काही लहान, जमिनीलगत पसरणाऱ्या झाडांना ती असते, आणि त्यांतली बहुतेक झाडं थंड प्रदेशात राहतात. त्यांतल्या एकानं बीदर जिल्ह्यातल्या निम्म्या आटलेल्या तळ्यात, म्हशीच्या खुराच्या ठशात, संसार थाटावा ही रोजची गोष्ट नव्हती.

हे सगळं मला पालथं पडून दिसलं. सात मिलिमीटरचं फूल उभ्यानं नीट दिसत नाही. भिंग डोळ्याला आणि हनुवटी चिखलाला लावून मी अकरा मिनिटं पडले होते. बाराव्या मिनिटाला माझ्या नाकाशी फोडलेला कांदा आला.

“अक्का, डोळे उघड. वास घे. जोरात घे.”

ही नागव्वा. तिचं शेत आमच्या शेताला लागून आहे. म्हशींना पाण्यावर आणलं तेव्हा तिला मी दिसले आणि मला फिट आली अशी तिची खात्री झाली. मी उठून बसले, फूल बघत होते असं सांगितलं. तिनं वाकून फूल पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“ह्याला बघायला झोपावं लागतंय?”

“हो.”

“मग घरी बघायचं की, खाटंवर.”

संध्याकाळपर्यंत रामरावांच्या सुनेला फिट येते ही बातमी गावभर झाली. चौथ्या दिवशी हळ्ळीखेडहून माझ्या चुलतसासऱ्यांचा फोन आला. त्यांच्या ओळखीत झाडपाल्याचं औषध देणारा एक माणूस होता. झाडपाल्यामुळंच हे झालं, हे त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, आणि ते त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

मी भालकीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नवरा राजपाल भालकीच्याच बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे दिवसभर माइकवर ‘उदगीर गाडी फलाट तीनवर लागत आहे’ असली ठाम वाक्यं बोलतो. आमचं गाव राजेश्वरपासून पाच किलोमीटर आत आहे. सासरे रामराव गेल्यापासून तिथलं शेत सासूबाई एकट्या बघतात. त्यांचं नाव सुभद्राबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही गावी जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परततो.

ठाम वाक्य आणि मी यांचं फारसं जमत नाही. शास्त्र शिकलेल्या माणसानं पुराव्याच्या पुढं एक पाऊलही टाकू नये असं मला शिकवलं गेलं आहे आणि ते मला आवडलंही. राजपालला पाहायला बोलावलं तेव्हा माझ्या मामानं विचारलं, “मुलगा पसंत हाय का?” मी म्हणाले, “असू शकेल.” एकोणीस वर्षं राजपाल हे वाक्य पाहुण्यांना सांगत आला आहे. ते अनुकूल उत्तर होतं, हे तो सांगत नाही.

तर त्या फुलाचं नाव. पोटेंटिला हे त्याच्या गोताचं नाव, इथवर शंका नव्हती. शंका होती ती दोघींत. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. त्यांची पूर्ण लॅटिन नावं मी घरात उच्चारली तेव्हा आत्यांनी ‘कशावरचं औषध हाय?’ असं विचारलं. म्हणून आम्ही त्यांना जावा मानलं: थोरली आणि धाकटी. थोरली विरळ आहे, पण आमच्याकडच्या दोन तळ्यांत तिची जुनी नोंद आहे. धाकटी तिच्याहून दुर्मिळ. माझ्याकडं जिल्ह्यातल्या वनस्पतींच्या ज्या याद्या आहेत त्यांत ती कुठंच नाही. धाकटीची वरची पानं तीन दलांची असतात, थोरलीची पाच-सात दलांची. एवढ्यावर भागलं असतं, पण कोरड पडली की थोरलीही आळस करते आणि वरची पानं तीनच दलांची काढते. मग खात्री देतं फक्त पिकलेलं फळ. धाकटीच्या दाण्याच्या पोटाला एक फुगवटा असतो. दाणा एक मिलिमीटरचा, म्हणजे फुगवटा किती ते आलंच.

दाणे पिकायला अजून महिना होता. मी महिनाभर थांबले असते आणि हे सगळं माझ्या वहीत राहिलं असतं. पण जैवविविधतेची नोंदवही नावाचं एक प्रकरण होतं.

प्रत्येक पंचायतीनं आपल्या हद्दीतली झाडं, प्राणी, पिकं यांची नोंद ठेवायची असते. आमच्या पंचायतीचे विकास अधिकारी राजशेखर, म्हणजे गावाच्या भाषेत पीडीओ साहेब, हे भले गृहस्थ आहेत. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. तपासणी आली म्हणून त्यांनी नोंदवही माझ्या हाती दिली होती. “मॅडम, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच भरा. मला कडुलिंबाच्या पुढं येत न्हाई.” मी दोन महिने ती भरत होते. त्या रविवारी मी सहा ओळी लिहिल्या: दोन जातींपैकी एक. वर्णन. जागा, तळ्याची उथळ कड. झाडांची संख्या एकतीस. धाकटी असल्यास जिल्ह्यातली पहिली नोंद. फळ पिकल्यावर निश्चित सांगता येईल. ‘स्थानिक नाव’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. हे शेवटचं लक्षात असू द्यावं. माझ्या त्या ठाम वाक्याबद्दल पुढं मला फार लाज वाटायची होती.

सहा ओळींचं कन्नड करताना पंचायतीच्या संगणकावर एकच ओळ झाली: अतिदुर्मिळ फूल, नाव मागाहून. ती वरच्या कचेरीत गेली. तिथून उत्तर आलं की निश्चिती होईपर्यंत तळ्यात कुठलंही यंत्र उतरवू नये.

आता यंत्राचं सांगायला हवं. यंदा तळं लवकर आटलं होतं आणि येळवशीचा सण झाला की गाळ काढायचा ठराव होता. जेसीबी आधीच बांधावर येऊन उभा होता. गाळ शेतात टाकायला अख्खं गाव टपलं होतं आणि सगळ्यात जास्त आत्या. आमची वरची पट्टी मुरमाड आहे. तीन वर्षांपूर्वी, सासरे असताना, तळ्याच्या कडेचा चार ट्रॉल्या गाळ मिळाला होता. तो खालच्या पट्टीला पुरला. त्या पट्टीत तेव्हापासून हरभरा असा येतो की रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात. वरच्या पट्टीला पुढच्या खेपेला टाकू, असं सासरे म्हणाले होते. पुढची खेप आली तेव्हा ते नव्हते, आणि सुनेनं ती खेप सात मिलिमीटरच्या फुलासाठी अडवली होती.

गावानं मला माझी जागा दाखवायला सुरुवात केली. तसं कुणी भांडलं नाही. गावात मास्तरणीशी भांडत नाहीत. सल्ला देतात.

“उपट आन् मोकळी हो,” नागव्वा म्हणाली. “फुलच न्हाई तर पत्र कशाचं?”

“थोरली हाय म्हणून टाका, मॅडम,” असं पिठाच्या गिरणीवर एकानं सुचवलं. “थोरलीला मान असतो. तिला कोण इचारणार?”

“धाकटी म्हणा,” दुसऱ्यानं सांगितलं. “पेपरात फोटो येईल.”

राजपालची पद्धत वेगळी. “हे बघ, ड्रायव्हर आला न्हाई तरी मी गाडी लागली म्हणून सांगतो. मग ड्रायव्हर पळत येतो. तू आधी नाव सांग, पुरावा पळत येतोय.”

“शास्त्रात असं नसतं.”

“म्हणून तर तुमची गाडी कधी सुटत न्हाई.”

जेसीबीचा ड्रायव्हर तर गावात मुक्कामालाच होता. रोज एका घरी जेवायचा. आमच्या घरी पाळी आली तेव्हा दोन भाकरी संपवून त्यानं अदबीनं विचारलं, “बाई, फळ पिकलं का?” तो महिना संपेपर्यंत हे वाक्य मी बसमध्ये, किराणा दुकानात आणि एकदा कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऐकलं.

एकट्या आत्यांनी मला काही विचारलं नाही. शनिवारी आलं की भाकरी वाढायच्या, सोमवारी निघताना शेंगदाण्याची पुडी द्यायच्या. तळ्याचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायच्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दरम्यान वरच्या कचेरीनं माहितीचा नमुना पाठवला. उंची किती फूट? बुंध्याचा घेर? लाकडाचा उपयोग? वन्य प्राण्यांना उपद्रव आहे काय? मी प्रामाणिकपणे उंची शून्य पूर्णांक चार फूट लिहिली. नमुना परत आला. एक फुटाखालच्या झाडाला रकाना नव्हता.

“मॅडम, एक फूट करू?” राजशेखर काकुळतीला आले. “तुम्ही एक ओळ लिहिली, मला अकरा पत्रं आली. घरी मिसेस इचारती, कोणतं फूल, कोणती मॅडम.”

एक फूट करायला मी नकार दिला. तेव्हा त्यांनी आपल्या परीनं संरक्षणाची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेचे परिणाम मी तारखेनिशी नोंदवले आहेत. पहिल्या आठवड्यात ‘दुर्मिळ फुलास हात लावू नये’ असा कन्नड आणि मराठी फलक लागला. फलकाचे दोन खांब पुरताना चार झाडं गेली. राहिली सत्तावीस. दुसऱ्या आठवड्यात जागा ओळखू यावी म्हणून भोवती चुन्याचं रिंगण ओढलं, त्यात पाच गेली. राहिली बावीस. फलक वाचून लोक फूल बघायला येऊ लागले. फलकापाशी उभं राहून फोटो काढायचे आणि ‘फूल कुठाय?’ असं एकमेकांना विचारायचे. ते बहुधा पायाखाली असायचं. राहिली सोळा. शेवटी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. बाभळीचा पाला बघून शेळ्या आल्या, पाला खाता खाता कुंपण विस्कटलं, आणि आत शिरून त्यांनी पंधरा झाडं खाल्ली. तोवर ज्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं ते झाड एकतिसावरून एकावर यायला संरक्षणाचे सव्वीस दिवस लागले.

उरलेलं एक झाड मी येळवशीच्या आदल्या दिवशी मुळाच्या मातीसकट उचललं. दाणे पिवळे पडले होते. खरं सांगायचं तर तिथंच भिंग लावून मला बघता आलं असतं. पण एकच झाड, एकच संधी, आणि बांधावर यंत्र. चूक झालीच तर ती एकटीची होऊ नये असं मला वाटलं. माझे गुरू अच्युतराव सर कलबुर्गीला असतात. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. त्यांना मी फोटो पाठवला होता. ‘फोटो चांगला. बोट कोणाचे?’ एवढंच उत्तर आलं होतं. मी त्यांना येळवशीच्या जेवणाला बोलावलं. राजपालनं सकाळच्या गाडीत त्यांच्यासाठी खिडकीची जागा सांगून ठेवली.

येळवस म्हणजे आमच्या सीमेवरच्या मुलखाचा सण. त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात लोक दगड मांडून पूजा करतात. आमच्याकडं छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर पूजा गेली आणि जेवण राहिलं. आजेसासऱ्यांनी म्हणे स्पष्ट सांगितलं होतं की दगडं नकोत, भज्जी पाहिजे. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. शेतातले सगळे कोवळे दाणे, तूर, वाल, हरभरा, वाटाणा, आणि सापडेल तो हिरवा पाला बेसन लावून एका पातेल्यात शिजवायचा. सापडेल तो, हे अक्षरशः. त्या दिवशी कुठल्याही पाल्याला नाही म्हणत नाहीत.

हे मला एकोणीस वर्षं माहीत होतं. तरी मी माझं एकुलतं एक झाड ओल्या फडक्यात गुंडाळून घरातल्या सगळ्यात थंड जागी, माठाच्या मागं ठेवलं. पालेभाज्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिथंच ठेवलेल्या असतात, कारण घरातली सगळ्यात थंड जागा तीच आहे. माझं आणि आत्यांचं या बाबतीत निरीक्षण एकच होतं.

उजाडताना मी आंघोळ करून आले तेव्हा माठामागं काही नव्हतं. चुलीवर पातेलं रटरटत होतं.

“आत्या, इथलं फडकं?”

“धुऊन टाकलंय वाळत.”

“त्यातलं झाड?”

“ते व्हय? नुसती एक मूठ होती. पाटाच्या कडंची आणलीच होती, त्यात तुझी बी टाकली. मुळं काढली गं. माती लई होती.”

या पाच वाक्यांत मला हवी असलेली सगळी माहिती होती. मी ती ऐकली नाही. मला फक्त पातेलं दिसत होतं. मला रडू येईल असं बघून आत्या घाबरल्या आणि त्यांनी माझ्या हातावर गरम उंडा ठेवला. बाजरीच्या पिठाचा तो वाफवलेला गोळा हातात धरून मी उभी राहिले. पीएच.डी.ला शिकवलेल्या कुठल्याच पद्धतीत पुढं काय करावं हे नव्हतं.

दहा वाजता सर शेतात पोचले. पांढरा सदरा, गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग, आणि चेहऱ्यावर महिनाभर वाट पाहिलेल्या माणसाचा आनंद.

“प्रेरणा, नमुना कुठं आहे?”

“सर,” मी म्हणाले, “नमुना जेवणात आहे.”

सरांनी पातेल्याकडं बघितलं. मग चष्मा पुसला. “शिजलेला नमुना मी आयुष्यात एकदाच तपासला आहे. वसतिगृहाच्या जेवणात. त्याला सहा पाय होते.” आणि ते कोपीत मांडी घालून बसले. “वाढा.”

येळवशीला आलेल्याला परत पाठवत नाहीत, त्यामुळं पंगत मोठी होती. राजशेखर आले होते, ड्रायव्हर आला होता, नागव्वा आपल्या शेतातली आंबील घेऊन आली होती. मी प्रत्येकाच्या ताटाशी एक रिकामा द्रोण ठेवला आणि सांगितलं की भज्जीत तीन दलांचं, कडेला दात असलेलं पान दिसलं तर खायचं नाही, द्रोणात ठेवायचं. लहान दाणा लागला तर चावायचा नाही.

“मेथी बी तीन पानांचीच असती,” नागव्वा म्हणाली.

“मेथीला खोल दात नसतात.”

“माझ्या सासूला पण नव्हते. तरी चावायची.”

मग पंचवीस मिनिटं आमच्या शेतात असं जेवण झालं की कुणी मान वर केली नाही. राजशेखरांनी वही काढून पंचनामा सुरू केला: वेळ, साक्षीदार, पातेल्याचा अंदाजे व्यास. ड्रायव्हरनं सर्वांत जास्त पानं शोधली. हात यंत्रावर बसलेला होता. राजपाल माझ्या कानाशी हळूच म्हणाला, “तुझं फूल फलाट तीनवरून सुटलं म्हण.” माझ्या एकोणीस वर्षांच्या संसारात, वीस वर्षांच्या नोकरीत, माझं इतकी माणसं इतक्या गंभीरपणे ऐकत आहेत असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि मी त्यांना ताटात काड्या निवडायला लावलं होतं.

सरांनी भज्जी तिसऱ्यांदा घेतली आणि अचानक हात थांबवला. “क्षमा करा,” असं म्हणून ते पंगतीकडं पाठ करून बसले. त्यांच्या खांद्यांच्या हालचालीवरून कळत होतं की ते कवळी काढत आहेत. सगळ्यांनी सभ्यपणे हरभऱ्याकडं बघितलं. मिनिटभरानं ते वळले. करंगळीच्या नखावर एक दाणा होता.

“अडकला होता,” ते म्हणाले. त्यांनी भिंग लावलं. दोन मिनिटं दाणा फिरवून फिरवून पाहिला. मग गळ्यातली दोरी काढून भिंग माझ्या हातात दिलं.

“सर, तुम्ही सांगा.”

“मी निवृत्त आहे. शिवाय दात माझे आहेत. पुराव्यात हितसंबंध येतो. तू बघ.”

मी बघितलं. दाण्याच्या पोटाला फुगवटा होता. बेसनात शिजून, कवळीत अडकूनही तो फुगवटाच होता.

सगळी पंगत थांबली होती. ड्रायव्हरनं घास हातात धरला होता. आत्या पातेल्याशी, डाव हातात, माझ्याकडं न बघता.

मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “असू शकेल.”

राजपालनं डोळे मिटून घेतले. पण मी तरी काय करणार? दाणा एक. कुठल्या झाडाचा, कोण सांगणार? शिजवल्यानं फुगला नसेल कशावरून? मी हे सगळं बोलून दाखवलं असतं, तेवढ्यात माझी नजर द्रोणांवर गेली. मोजायची मला सवय आहे. माझ्या झाडाला चौदा पानं होती. द्रोणांत एकूण साठाच्या वर पानं होती, आणि पंगत अजून निम्मीच जेवली होती.

“आत्या,” मी विचारलं, “हा पाला इतका कसा?”

“इतका म्हणजे? सांगितलं की सकाळी. पाटाच्या कडंची आणलीय.”

“कुठला पाट?”

“आपला. खालच्या पट्टीतला. गाळभाजी हाय ती.”

“काय आहे?”

“गाळभाजी. गाळ टाकला तवापासून उगवायलीय. कोवळी असताना भज्जीत बरी लागती. तुझा सासरा नाव ठिवून गेला. मागल्या साली तू बी खाल्लीस, दोनदा घेतलीस.”

सर हलकेच खोकले. मी जिल्ह्यात नोंद नसलेली वनस्पती गेल्या वर्षी दोनदा वाढून घेतली होती.

“आत्या, मग महिनाभर बोलला कामून नाहीत?” मीही त्यांच्यासारखीच बोलून गेले.

त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. “तू तळ्यात काय बघायलीस ते मला काय ठाऊक? पालथी पडून बघायलीस म्हणजे काहीतरी मोठंच असंल. आन् मला इचारलंस का? साऱ्या गावाला माहिती दिलीस, फळ पिकू द्या म्हणून. मला न्हाई सांगितलंस. मी म्हणलं, गाळाचं बोलले तर सुनेला वाटंल, शेतासाठी बोलायली. म्हणून गप बसले.”

म्हणजे आम्ही दोघी महिनाभर एकमेकींची अडचण नको म्हणून गप्प होतो, आणि एका चुलीवर जेवत होतो.

सगळे उठून पाटाकडं गेलो. उष्ट्या हातानंच. पाटाच्या ओल्या कडेला, जिथं चार ट्रॉल्या गाळ पडला होता, तिथं ती होती. जमिनीलगत पसरलेली, सात मिलिमीटरची पिवळी फुलं, आणि खाली पिकलेली फळं. फलक नव्हता, चुना नव्हता. मी मोजायला लागले. दोनशेपर्यंत मोजली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजणं अर्ध्यात सोडून दिलं. वेगवेगळ्या जागच्या दहा झाडांचे दाणे काढून भिंगाखाली धरले. दहाही दाण्यांच्या पोटाला फुगवटा. बी गाळात झोपलेलं असतं. गाळ जिथं जातो तिथं ते जातं, आणि ओल मिळाली की उठतं. ही गोष्ट मी दरवर्षी बारावीला शिकवते.

“मॅडम,” राजशेखरांनी वही उघडली, “मी काय लिहू? आन् स्थानिक नावाच्या रकान्यात तुम्ही ‘नाही’ लिहिलंय.”

“ते खोडा. गाळभाजी लिहा. नाव ठेवणारे, रामराव.”

आत्यांनी पदर तोंडाशी नेला आणि हरभऱ्याच्या बाजूला तोंड केलं.

“आन् जात?” राजशेखर म्हणाले. “आन् यंत्राचं? वरती काय कळवू?”

नागव्वा, ड्रायव्हर, सर, सगळे पाटाच्या कडेला झाडं चुकवत एका पायावर उभे होते. राजपालनं बसस्टँडवरचा आवाज काढला. “असू शकेल का?”

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. “धाकटीच आहे. गाळ काढा, साहेब. उथळ कडेचा एक कोपरा तेवढा सोडा, आणि तो कुठला सोडायचा ते आत्यांना विचारून सोडा.”